बंदीच्या दिवसांतलं इंजिन

१ जूनला मासेमारी बंदी लागते आणि सातपाटी, मुरबे, नवापूर, उच्छेळी, दांडी, घिवली करत थेट डहाणूपर्यंतच्या बोटी किनाऱ्याला लागतात. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक बोटीने समुद्रात जायला मनाई. माशांना अंडी घालायला आणि पिलांना वाढायला उसंत मिळावी, हे बंदीमागचं कारण. जुनी माणसं तर नारळी पौर्णिमेआधी समुद्राचं नावच काढत नाहीत. राज्याने २०२३ मध्ये रुपेरी पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला, आणि त्या पापलेटासाठी सातपाटीचं नाव दूरवर घेतलं जातं. मासा विसावतो, पण बोटीवरच्या माणसांना विसावा नसतो. जाळी दुरुस्त करायची, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकायचा, रंग काढायचा. आणि ज्याची बोट गेल्या मोसमात निळा धूर टाकत होती, त्याला इंजिन खोलायचं.

आपली गाडी आपल्याच हाताने दुरुस्त करण्यासाठी जर्मनीत भाड्याच्या वर्कशॉप असतात. तासाच्या दराने लिफ्ट मिळते, भिंतीवर पाने टांगलेले असतात, अडलं तर विचारायला एक जाणता मेकॅनिक हजर असतो. अमेरिकेत लष्कराच्या तळांवर सैनिकांसाठी अशीच सोय असते. आपल्याकडे महागडी यंत्रं गावाने मिळून वापरायची ही कल्पना सगळ्यांत जोमाने रुजली ती पुणे जिल्ह्यात पाबळला. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब (सर्वांना खुली यंत्रशाळा) तिथेच उभी राहिली. पालघर-बोईसरच्या गाडीमालकाला मात्र असं ठिकाण नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तेलाचा एक थेंब पडला तरी सेक्रेटरी डोळे वटारतो. मग किल्ली गॅरेजवाल्याच्या हातात ठेवायची आणि ‘किती होतील?’ एवढंच विचारायचं. मालकाने स्वतः इंजिनात हात घातलाय, शेजारच्या चार जणांनी अवजारं आणि अक्कल पुरवलीय, असं दृश्य या भागात पाहायचं असेल तर पावसाळ्यात खाडीवर जावं. तिला कुणी वर्कशॉप म्हणत नाही, एवढंच.

आणि बोटीत जे बसवलेलं असतं ते बरेचदा ट्रकच्याच घराण्यातलं इंजिन असतं. अशोक लेलँडचं ३७० हे त्यातलं जुनं, नावाजलेलं उदाहरण. ३७० म्हणजे घनइंच, लिटरमध्ये सहाच्या जरा वर, सहा सिलिंडर. कॉमेट ट्रकमध्ये जे रस्त्यावर धावलं तेच बोटीसाठी सजवून समुद्रात उतरलं. स्वातंत्र्यानंतर सहकारी संस्था आणि सरकारी कर्ज यांच्या आधाराने शिडाच्या होड्यांना यंत्रं बसायला लागली, तेव्हापासून रस्ता आणि समुद्र यांचं मेकॅनिकच्या पातळीवर नातं जडलं. महामार्गावरच्या ट्रकचं काम करणारा मिस्त्री बोटीचं इंजिनही खोलू शकतो. फरक आजूबाजूला असतो. रेडिएटर नाही, त्याऐवजी उष्णता समुद्राच्या पाण्याला देणारी व्यवस्था. गिअरबॉक्स पुढे-मागे करण्यापुरता. आणि इंजिन लाकडी बैठकीवर, बोटीच्या पोटात, जिथे नीट उभंही राहता येत नाही.

पाना हातात घेण्याआधी निदान. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. बहुतेक वेळा नोजल आणि पंपाचं काम, इंजिन खोलायची गरज नाही. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, नाहीतर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. पक्की खूण पाहायची तर इंजिन चालू असताना तेल भरण्याचं झाकण उघडायचं. तिथून धुराचे ठोके यायला लागले की मिस्त्री म्हणतो, ‘बॅक मारतंय.’ सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली तेलाच्या संपमध्ये उतरतोय. डिझेल इंजिनात हा दाबच सगळं काही. पेट्रोलच्या गाडीसारखा स्पार्क प्लग इथे नसतो. हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, ५०० अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. दाब गळाला की हवा पुरेशी तापत नाही, आणि सकाळी इंजिन उठायला कुरकुर करतं.

दाब गळतो कुठून? सिलिंडरची भिंत सगळीकडे सारखी झिजत नाही. पिस्टन सर्वांत वर पोहोचतो तिथे क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. भिंत आणि रिंग यांच्यामधला तेलाचा पापुद्रा हा वेगावर टिकतो. वेग शून्य झाला की तो तुटतो. नेमक्या त्याच क्षणी वर स्फोट झालेला असतो. जळत्या वायूचा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो, उष्णतेने तेल पातळ झालेलं असतं, त्यात काजळी. म्हणून वरच्या रिंगेचा वरचा थांबा ही सिलिंडरची सर्वांत झिजलेली जागा. त्याच्याही वर, जिथे रिंग पोहोचतच नाही, तिथे मूळ धातू तसाच राहतो आणि एक कड तयार होते. हेड उतरवल्यावर नखाने ती कड लागते. नख अडकलं की समजायचं, इंजिन भरपूर जगलंय. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असतो, तो पिस्टनला एका बाजूला जास्त दाबतो, त्यामुळे गोल सिलिंडर हळूहळू लंबगोल होतो.

इथेच सगळ्यांत जास्त फसवणूक होते, आणि ती बहुधा मालक स्वतःचीच करतो. ‘नुसत्या रिंगा टाकू, यंदा भागेल.’ नवी रिंग गोल, सिलिंडर लंबगोल. दोघांची गाठ पडणार कशी? वर जी कड असते तिला नवी रिंग आपटते आणि तुटते. दोन महिने धूर कमी होतो, दिवाळीपर्यंत पुन्हा तेच. रिंगा टाकायच्या की लायनर (सिलिंडरच्या आतली नळी) बदलायचे हा निर्णय मापाने घ्यायचा असतो. खिशाने घेतला की तो दुसऱ्यांदा घ्यावा लागतो.

माप घ्यायला बोअर गेज लागतं, आणि ते प्रत्येकाकडे नसतं. पण एक स्वस्त युक्ती आहे, आणि तिच्यामागचं गणित शाळेतलं आहे. एक नवी रिंग घ्यायची, सिलिंडरच्या अगदी तळाशी, जिथे झीज जवळजवळ नसते, तिथे सरकवायची. पिस्टन उलटा धरून त्याच्या सपाट माथ्याने ती ढकलायची म्हणजे रिंग तिरपी बसत नाही. रिंगेच्या दोन टोकांमध्ये जी फट राहते तिच्यात फिलर गेजची पाती घालून बघायची. पाती सहज सरकली तर जाडी वाढवायची. किंचित ओढून धरते ती पाती खरी. मग तीच रिंग वर, कडेच्या जरा खाली आणायची आणि पुन्हा फट मोजायची. समजा खाली ०.४५ मिलिमीटर आली आणि वर १.०५. फरक ०.६०. सिलिंडरचा परीघ एवढ्याने वाढला, म्हणजे व्यास वाढला त्याच्या ३.१४ व्या भागाने, जवळपास ०.१९ मिलिमीटर. फटीत झीज तिप्पट होऊन दिसते, म्हणून साध्या पातीने ती पकडता येते. लंबगोलपणा मात्र या युक्तीने कळत नाही. त्याला बोअर गेजच हवं: तीन पातळ्यांवर, प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं, सिलिंडरमागे सहा मापं, सहा सिलिंडरांची छत्तीस.

हीच फट बांधणीच्या वेळी पुन्हा तपासायची, आणि तेव्हा भीती उलटी असते. फट फार कमी राहिली तर तापल्यावर रिंग फुगते, दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, रिंगेला जायला जागा उरत नाही आणि ती सिलिंडर ओरबाडते. १०० मिलिमीटर व्यासाला ०.३ ते ०.४ मिलिमीटर हा साधारण ठोकताळा. अखेरचा शब्द त्या इंजिनाच्या पुस्तकाचा.

मोजून झालं की कामाची वाटणी होते. ट्रकच्या इंजिनात बहुतेक वेळा लायनर असतात, लायनर-पिस्टनचा संच बदलला की सिलिंडर नवा. छोट्या पेट्रोल गाड्यांचं तसं नसतं. १९८३ ला आलेल्या मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर, लायनर नाही, ब्लॉकच कोरलेला. तो झिजला की ब्लॉक बोरिंगवाल्याकडे जातो, भोक पाव किंवा अर्धा मिलिमीटर वाढवलं जातं आणि तेवढ्याच वाढीव मापाचे पिस्टन बसतात. क्रँकचं याच्या उलट. जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे भाग, घासून बारीक करायचे आणि बेअरिंग जाड घालायचं. दुकानात आजही भाषा इंचाची चालते: ‘स्टँडर्ड चालेल की दहाची टाकायची?’ दहा म्हणजे इंचाचे दहा हजारांश, पाव मिलिमीटर. मग वीस, मग तीस. तिसाच्या पुढे क्रँक टिकेल का, यावर प्रत्येक मिस्त्रीचं स्वतंत्र मत असतं आणि ते ठाम असतं.

बोटीवरचा माणूस क्रँक घासू शकत नाही, आणि घासूही नये. ते काम बोईसरकडे जातं. तारापूर एमआयडीसीत रासायनिक कारखाने, पोलाद, कापड. तिथले पंप आणि शाफ्ट सतत झिजतात, गंजतात, म्हणून आजूबाजूला लेथ आणि ग्राइंडिंगची कामं करणाऱ्यांची वस्ती आहे. बंदीसारखा सक्तीचा थांबा इथेही आहे: तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या १९६९ च्या दोन जुन्या अणुभट्ट्यांनाही इंधन बदलायला पूर्ण थांबावं लागतं, आणि त्या थांब्यातच देखभालीची मोठी कामं उरकतात. शेजारच्या तीन आणि चार नंबरच्या भट्ट्या चालता चालता इंधन घेतात. बोटीचं इंजिन त्या बाबतीत जुन्या भट्टीच्या जातीचं.

‘स्वतः इंजिन बांधलं’ असं कुणी म्हणालं की मला म्हणूनच जरा थांबून विचारावंसं वाटतं, यातलं स्वतः काय केलं? क्रँक बोईसरला घासला गेला, पंप आणि नोजल पंपवाल्याने बाकावर लावून बसवले, हेड सपाट केलं दुसऱ्याने. मालकाच्या वाट्याला उरतं खोलणं, धुणं, मोजणं, ठरवणं आणि बांधणं. माझ्या मते इंजिनाचं आयुष्य ठरतं ते याच कामांनी. घासून आलेला क्रँक खरंच सांगितल्या मापाचा आहे का, हे मायक्रोमीटरने पुन्हा पाहणारा माणूस इंजिन स्वतः बांधतो. पाकिटावरचा आकडा वाचून बेअरिंग बसवणाऱ्याने पाने कितीही फिरवलेले असोत.

खाडीवरच्या वाटून घेण्यातही हेच खरं मोलाचं. चेन ब्लॉक एकाचा, लोखंडी पाइपांची तिपाई दुसऱ्याची, लायनर ओढायचा पुलर तिसऱ्याकडून मागून आणलेला, टॉर्क रेंच अख्ख्या रांगेत एक. गिअरबॉक्ससकट अर्धा टन वजनाच्या आसपासचं इंजिन उचलताना चार हात लागतातच. पण उपयोगी पडते ती शेजाऱ्याची दुसरी नजर. ‘मिस्त्री, फट किती आली?’ ‘चाळीस.’ ‘बघू, मी घेतो परत.’ त्याला बावन्न आली की दोघेही थांबतात. एकट्याने मोजलेलं माप हे बरेचदा हवं ते माप असतं.

खोलताना शिस्त लागते आणि ती कंटाळवाणी असते. कनेक्टिंग रॉडची टोपी ज्या रॉडची त्यालाच लागली पाहिजे, त्याच दिशेने. दोन्ही जोडून ठेवूनच ते भोक कोरलेलं असतं, अदलाबदल केली की ते गोल राहत नाही. म्हणून आधी नंबर पाहायचे, नसतील तर सेंटर पंचने ठिपके मारायचे. पुशरॉडसाठी पुठ्ठ्याच्या खोक्याला ओळीने भोकं पाडून त्यात एकेक खोचून ठेवलेला दिसला की समजावं, काम जाणत्याच्या हातात आहे. सगळे नटबोल्ट एकाच डब्यात डिझेलमध्ये बुडवलेले दिसले तर दुसऱ्या बोटीकडे वळावं. धुण्यातही क्रँकमधली तेलाची भोकं विसरली जातात. घासण्याची भुकटी तिथे दडून बसते आणि इंजिन सुरू झाल्यावर पहिल्याच मिनिटाला नव्या बेअरिंगमध्ये उतरते.

व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले की तपासणी सोपी. हेड आडवं ठेवून पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं आणि चहा पिऊन यायचं. सीटच्या कडेने ओल दिसली तर पुन्हा घासायचं. हेड बसवताना बोल्ट मधून सुरू करून बाहेर जायचं, आणि एका दमात नाही, तीन टप्प्यांत. कडेचे आधी आवळले तर मधला भाग फुगून अडकतो आणि गॅस्केट तिथेच जळतं. इथे अंदाज चालत नाही. मनगटाच्या जोरावर सगळं कळतं म्हणणारे मिस्त्री मी पाहिलेत, त्यांची गॅस्केटंही पाहिलीत.

बोटीचा वेगळा शत्रू म्हणजे मीठ. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. हे पाणी इंजिनाच्या जॅकेटमधून थेट फिरवलं आणि ते साठ अंशांच्या आसपास तापलं की क्षारांचा थर धरायला लागतो. थर धरला की उष्णता बाहेर पडत नाही, आणि इंजिन आणखी तापतं. म्हणून चांगल्या व्यवस्थेत इंजिनात गोडं पाणी फिरतं आणि ते समुद्राच्या पाण्याने बाहेरून थंड केलं जातं. कुठे हीट एक्स्चेंजरमधून, कुठे बोटीच्या तळाला लावलेल्या पाइपांतून. पितळ, पोलाद आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की आपोआप बॅटरी तयार होते आणि कमकुवत धातू झिजत जातो. त्याला वाचवायला जस्ताचा तुकडा लावतात. जस्त खपतं, बाकीचं टिकतं. बंदीत इंजिनाचं सगळं काम करून हा दीडदमडीचा तुकडा बदलायचा राहिला, असंही होतं.

रस्त्यावरच्या मेकॅनिकला अजिबात माहीत नसलेली एक गोष्ट शेवटी येते. इंजिन बैठकीवर बसवल्यावर गिअरबॉक्सची कपलिंग आणि पंख्याच्या शाफ्टची कपलिंग समोरासमोर आणतात आणि त्यांच्यातली फट चारही बाजूंनी फिलर गेजने बघतात. वरची-खालची, डावी-उजवी फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत जुळली पाहिजे, नाहीतर शाफ्ट थरथरतो, बुश खातो आणि गिअरबॉक्सचं सील फुटतं. बोट कोरड्यात टेकूंवर असताना हे जुळवलं तर ते अर्धंच काम. लाकडी बोट पाण्यात उतरली की तिचा भार सगळ्या तळावर पसरतो, फळ्या फुगतात, सांगाडा किंचित वाकतो. कोरड्यातलं जुळलेलं माप पाण्यात जुळत नाही. म्हणून कपलिंगचे बोल्ट नुसते अडकवून ठेवायचे, बोट तरंगू द्यायची, एक-दोन दिवस तिला पाणी पिऊ द्यायचं, आणि मग आत वाकून पुन्हा पाती घालायची. जुलैच्या अखेरीला सगळ्यांनाच घाई असते. तेव्हा हेच राहून जातं.

जुन्या तेलाचं काय, हा प्रश्न कुणालाच आवडत नाही. वापरलेलं इंजिन ऑइल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडतं आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. एमआयडीसीच्या सांडपाण्याने खाड्या मेल्या, ही इथल्या मच्छीमारांची तक्रार खरी आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादापर्यंत लढली. तीच खाडी, आणि तिच्या काठावर संपमधलं काळं तेल वाळूत ओतलेलं. प्रमाण कारखान्यांच्या जवळपासही नाही, हे मान्य. तरी सहकारी संस्था सभासदांना डिझेल आणि बर्फ पुरवतात, तर तेलाचं एक पिंप ठेवणं त्यांना जड जाऊ नये.

गाडीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. ब्लॉक तोच ठेवून इंजिन बांधलं तर इंजिन नंबर तोच राहतो. ब्लॉक किंवा अख्खं इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओत नोंद करावी लागते. भंगारातून स्वस्तात मिळालेलं इंजिन कागदावर महाग पडतं.

नवं बांधलेलं इंजिन सुरू करण्याआधी डिझेल बंद ठेवून ते स्टार्टरने फिरवायचं, तेलाचा दाब गेजवर दिसेपर्यंत. पुढच्या तासांबद्दल मतभेद आहेत. जुनी समजूत अशी की तासन् तास हळू चालवावं. ती अर्धी खरी. पूर्ण भार लगेच द्यायचा नाही, पण बराच वेळ रिकामं हळू चालवलं तर रिंगा भिंतीवर बसत नाहीत, तिच्यावर होनिंगने घासून पाडलेल्या तिरक्या रेघांवर तेल जळून काचेसारखा थर धरतो आणि तेल खाण्याची सवय जन्माची लागते. मध्यम भार, वेग कमी-जास्त करत, पाणी आणि दाबावर डोळा ठेवून. पहिलं तेल पुस्तकात दिलेल्या तासांच्या बरंच आधी बदलायचं आणि जुना फिल्टर फेकायचा नाही. तो करवतीने कापायचा, आतला कागद उलगडून उन्हात धरायचा, खाली चुंबक फिरवायचं. चुंबकाला बारीक भुकटी चिकटली तर रिंगा आणि लायनर एकमेकांना बसवून घेतायत, थोडी असेल तर ठीक. न चिकटणारे, तांबूस चमकणारे कण दिसले तर ते बेअरिंगचे. मग बोट बाहेर काढायची नाही, संप पुन्हा उतरवायचा.